पाठीला पाठ

धाकटे साडू पुन्हा फोनकडे बघून हसले. थोरल्यांची त्यांच्याकडे पाठ होती, तरी कळलं. खुर्ची कुरकुरली होती.

औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासायच्या त्या खोलीत दोघे पाठीला पाठ लावून बसत. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, एकाच खोलीत. आता खोलीप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. ती धाकट्यांना मिळाली, तर थोरल्यांना घरी तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. बायको आधीच ऐकवायची, "जरा शिका माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडून!"

जिव्हारी लागायचं ते वेगळंच. हा गृहस्थ दुपारी फोनमध्ये डोकं घालायचा, गालातल्या गालात हसायचा, आणि तरी तपासलेल्या कागदांचा त्याचा ढीग थोरल्यांपेक्षा उंच व्हायचा.

थोरले फोन वापरत नसत असं नाही. पण ते जेवणाच्या सुट्टीत, जिन्याखाली उभं राहून, टोपणनावाने स्वतःच्या कवितेच्या चार ओळी टाकत. त्या वाचणारं एकच माणूस होतं. चित्राच्या जागी दिवा, नाव नुसतं 'वाचक'. कुणी एकटी, निवृत्त शिक्षिका असावी, असं थोरल्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिचे दोन शब्द आले की दुपारची बारीक अक्षरं डोळ्यांना टोचत नसत.

"साडूबुवा, एक गंमत दाखवू?" धाकट्यांनी फोन पुढे केला.

"कामाच्या वेळी?"

"एक मिनिट हो. तुम्हाला आवडेल."

"तुमचं बरं आहे बुवा. आम्हाला कामं असतात."

"राहिलं मग. तुमच्या शिस्तीपुढे आम्ही कोण!"

थोरले उठले ते थेट व्यवस्थापक बाईंकडे गेले.

"मी कुणाचं नाव घेत नाही. पण औषधाचं काम आहे. फोनपायी एखादा आकडा चुकला तर?"

बाईंनी नाव विचारलंही नाही. समोरच्या काचेतून त्यांना धाकट्यांची वाकलेली मान दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन दारापाशी पेटीत गेले. आपला ठेवण्याआधी थोरल्यांनी घाईघाईने त्या दिवसाच्या चार ओळी टाकल्या.

दिवसभर धाकट्यांचा ढीग वाढेना. थोरल्यांना आतून गुदगुल्या झाल्या. मग लक्षात आलं, आपलाही वाढत नाहीये. तीच ओळ ते पुन्हा पुन्हा वाचत होते.

तरी संध्याकाळी बाईंनी थोरल्यांना बोलावून सांगितलं, जागा त्यांचीच.

"पार्टी पाहिजे हं, साहेब!" धाकट्यांनी दारापाशी त्यांचा हात घट्ट दाबला. मग पेटीतून आपला फोन काढून ते खांबाला टेकून उभे राहिले.

थोरले आपला फोन खिशात टाकून रस्त्याला लागले. आता घरी ताठ मानेनं जाता येणार होतं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. वाचक!

'माफ करा, आज उशीर झाला. कुणीतरी चुगली केली आणि कामावर फोन बंद झाले. तुमच्या ओळींवर माझी दुपार निघायची. कालच एकांना दाखवणार होतो, पण ते कामात होते. त्यांना नक्की आवडल्या असत्या. फार रसिक आहेत आमचे थोरले साडू.'