घरचा वास

दार उघडलं आणि ताईचा वास आला. मावशी उंबऱ्यातच थबकली. ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तिचा निळा गाऊन अंगात घालून भाऊजींची नवी बायको म्हणत होती, "या ना, आत या."

गाऊन धुतलेलाही नव्हता. बाह्यांवर औषधाचे डाग, गळ्याशी आजारपणातल्या घामाचा पिवळा पट्टा. 

रानमधमाश्यांच्या वासांचा अभ्यास हे मावशीचं काम. हा प्रकार तिने प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीत नुकताच पाहिला होता. परक्या जातीची एक माशी घरट्यात शिरली आणि तळाच्या कचऱ्यात दबा धरून बसली. घरट्याचा वास अंगात मुरला, तशी वर चढली आणि तिने राणीला नांगी मारली. राणीच्या लेकी मुकाट तिचीच पिल्लं पोसू लागल्या. वासाने ती त्यांना घरचीच वाटत होती.

आयत्या बिळावर नागोबा, मावशी मनात म्हणाली.

आतल्या खोलीत भाची दुपारची आडवी झाली होती. नवी तिच्याशेजारी कलंडली. पोरीने गाऊनमध्ये तोंड खुपसलं, डोळे मिटले. मावशीला बघवेना. ती बाई बाहेर येईपर्यंत तिने कसाबसा दम धरला.

"लाज नाही वाटत? मेलेल्या बाईचं मळकं अंगावर घालून तिची लेक पळवतेस?"

 नवी बाथरूममध्ये गेली, गाऊन ओरबाडून काढला आणि बेसिनवर वाकून भडाभडा ओकली. मावशी दारात नुसती उभी.

"रोजचंच आहे हे," टॉवेल गुंडाळत ती म्हणाली. "मला नाही सोसत हा वास. पण मी आले त्या पहिल्या दिवशी पोर रडून रडून निळी पडली, ती याच्यातच शांत झाली. धुवायचं धाडस होत नाही. हा घातला नाही, तर ती डोळा मिटायची नाही."

 मावशी भाचीपाशी जाऊन टेकली. पोरगी टक्क जागी होती. तिने मावशीचा कान खाली ओढला.

"त्या गाऊनला शी वास येतो गं," ती कुजबुजली. "मी तोंडाने श्वास घेते. पण आईला सांगू नकोस हं. तो घातल्याशिवाय तिला झोप येत नाही."