उशिराचे चित्र

चाकणच्या त्या छोट्या कंपनीचे भवितव्य पहिल्या ऑर्डरवर टांगलेले होते, आणि ती ऑर्डर मोशीच्या कारखानदार नानासाहेबांच्या मुठीत होती. मालाच्या तपासणीच्या यूएसबी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेऱ्यातली चित्रे संगणकात आणणारा प्रोग्राम, विजयश्रीने लिहिला होता.

"सर, चित्रे साठवायचे बफर मोजकेच ठेवू या. थांबलेल्या चित्रांची रांग लांबली, की पडद्यावर सगळे उशिरा दिसेल."

"उशीर चालेल. एकही चित्र गळता कामा नये," आयुष्यात कोडची एक ओळ न लिहिलेल्या कंपनीप्रमुख समर्थ सरांनी निर्णय दिला. त्या अधिकारवाणीपुढे हात टेकून विजयश्रीने बफर वाढवले.

कॅमेरा पाहायला येणाऱ्या नानासाहेबांची गाडी फाटकात शिरली, तेव्हा सरांना अभिनयाचा झटका आला. चालू कॅमेऱ्यासमोर त्यांनी नानासाहेबांची डुलती चाल करून दाखवली, मिशीला पीळ दिला आणि दार उघडताच हात जोडले. "या, या, नानासाहेब!"

कॅमेऱ्याला जोडलेल्या मोठ्या पडद्यावर सर अजून डुलतच होते. नानासाहेबांनी शेवटच्या पिळापर्यंत सारे शांतपणे पाहिले.



"कॅमेरा घेतो, सायेब. पन मिशीला पीळ आमी डाव्या हातानं देतो."