निर्दोष वाक्य

"अहो, सांगा ना त्यांना," मास्तरांची बायको तिसऱ्यांदा म्हणाली.

नर्स पांढरी पूड पाण्यात हलवून सुईत भरत होती. असल्याच पुडीच्या इंजेक्शनाने मागे बाईंचा घसा सुजून श्वास कोंडला होता, जीव थोडक्यात वाचला होता. औषधाचं नाव नवरा-बायको दोघांनाही माहीत नव्हतं. "नको, नको" म्हणत बाई हात मागे ओढत होत्या आणि डॉक्टर हसून त्यांचा खांदा थोपटत होता. त्याला वाटलं, म्हातारी सुईला घाबरते.

या परक्या देशाची भाषा मास्तरांनी आपल्या गावी तीस वर्षं शिकवली होती. वर्गात चुकीचं बोलणाऱ्याला ते बाकावर उभं करत. इथे लेकीकडे येऊन महिना झाला, तरी पाववाल्याशीसुद्धा त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आता त्यांनी खिशातून वही काढली. ओठ हलले आणि थांबले. कोणता काळ वापरावा, इथेच गाडी अडली होती.

"व्याकरण गेलं खड्ड्यात. नुसतं नाही म्हणा."

"घाई करू नकोस. अर्धवट बोललं की लोक हसतात."

नर्सने दंडावर ओला कापूस फिरवला.

कोपऱ्यात फरशी पुसणारी आपल्याच मुलखातली निघाली. तिने सगळं ऐकलं होतं. हातातला पोछा टाकून ती धावली आणि नर्ससमोर आडवी उभी राहिली. तिथल्या भाषेतले तीन शब्द तिने कसेबसे एकापुढे एक ठेवले. सुई, बाई, मरणे. मग स्वतःचा गळा आवळून जीभ बाहेर काढून दाखवली. डॉक्टरचं हसू मावळलं. त्याने नर्सच्या हातातली सुई काढून घेतली.

बाईंना रडू फुटलं. मास्तरांनी वही मिटली.

"क्रियापद चालवलंच नाही तिने," ते पुटपुटले. "कानांना ऐकवत नाही."

बाईंनी डोळे पुसून नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत राग खूपदा आला होता, किळस आज पहिल्यांदा आली. पाठीवर आलेला त्यांचा हात बाईंनी झटकून टाकला.

नर्सने एक कागद पुढे केला. काय लिहायचं ते फरशीवालीनेच विचारून घेतलं.

"मावशी, सोबत कोण आहे ते विचारतायत. हे तुमचे कोण लागतात?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "भाषा शिकवतात."