सगळ्यात भारी बिअर

औशाच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर महादेवप्पा जगातल्या बिअरींची तुलना करायला बसले, की नुसता चहा पिणाऱ्यालाही झिंग यायची. जर्मनीच्या बिअरचा फेस एवढा दाट, की त्यात चमचा उभा राहतो. मेक्सिकोची बिअर लिंबू पिळल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आणि जपानची तर आधी ओतणाऱ्याला वाकून नमस्कार करते.

भागवतला राहवलं नाही. "आप्पा, गळ्यात इष्टलिंग हाय तुमच्या. ह्या चाखल्या कवा?"

"थेंबभर न्हाई. आमचा अमरेश जहाजावर नोकरीला हाय न्हवं? बंदर आलं की ग्लास पुढं घेऊन बसतो आन् मला व्हिडिओ कॉल करतो."

"मग न पिताच सांगा, सगळ्यात भारी कंची?"

"बेल्जियमची," महादेवप्पा लगेच म्हणाले. "बाकीच्या धा मिनटांत संपतात. ग्लास रिकामा झाला की पोरगं फोन ठेवतं. बेल्जियमची लई जड, घोट घोट प्यावी लागती. त्या दिवशी त्यानं आपल्या म्हशीचीबी खबर घेतली."