घरच्या हातानं

स्प्रिंगच्या टोकातला जुना बुश काही निघेना. भव्यानं जीपखाली आडवं पडून तिसऱ्यांदा हातोडा हाणला, तेव्हा गंजाचा चुरा थेट तिच्या तोंडात पडला.

"थू! अज्जा, हा बुश नाही, दगड आहे!"

"मग दगडावर ओरडून काय होणार? डिझेल सोड. दहा मिनिटं थांब. मग मार," प्रतापराव खुर्चीतून म्हणाले.

तिचे आजोबा हल्ली खुर्चीतूनच सगळं सांगत. पोटातली गाठ फेब्रुवारीत कळली होती. तेव्हापासून सदरा त्यांच्या अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसायचा. डॉक्टर ऑपरेशनबद्दल बोलले होते. ते ऑपरेशन अडलं होतं, आणि ज्यानं अडलं होतं ते भव्याच्या नाकापासून हातभर अंतरावर, टेकूच्या चार लोखंडी घोड्यांवर उभं होतं.

झालं असं, की मार्चमध्ये डॉक्टरांकडून परत आल्यावर अज्जांनी चपलाही न काढता आधी जीपभोवती एक फेरी मारली. मग हातपाय धुऊन देवघरात गेले, खंडोबाचा भंडारा उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही जीप घरच्या हातानं दुरुस्त होऊन गेटबाहेर पडत नाही, तोवर मी हॉस्पिटलची पायरी चढणार नाही."

बंगळूरजवळच्या येलहंक्यातल्या त्या घरात तीनशे वर्षांत कन्नड आलं, नाचणीच्या गोळ्यांची रागीमुद्दे आली, मराठीत 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' येऊन बसलं. पण भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडायची पद्धत काही आली नाही.

आता घरचे हात म्हणजे कुणाचे? भव्याच्या वडिलांना, अप्पांना, पाना आणि चमचा यांतला फरक जेमतेम कळे. आई शाळेत गणित शिकवायची. उरली भव्या. वय पंधरा, नववीची परीक्षा संपलेली, उन्हाळ्याची सुट्टी समोर.

पहिल्या आठवड्यात तिला नटबोल्ट उलटे फिरतात की सुलटे तेही कळत नव्हतं. एप्रिल संपेतो ती जे.सी. रोडच्या स्पेअरपार्टवाल्या दुकानदाराला ऐकवत होती, "अण्णा, हा बुश नकली आहे. रबर बघा, नखानं निघतंय." दुकानदारानं निमूट दुसरा काढून दिला. त्या दिवशी ती बसमध्ये उगाचच ताठ बसून घरी आली.

पण जीपचं काम सरेना. स्प्रिंगचे बुश झाले तर क्लच प्लेट झिजलेली. क्लच झाला तर ब्रेकचं तेल गळायला लागलं. आणि इकडे अज्जांची अर्धी भाकरी पाव झाली, मग नुसती गंजी, तांदळाची पातळ पेज.

"अप्पा, मेकॅनिकला बोलवा ना," मे महिन्यात एकदा ती रडकुंडीला आली. "मल्लेश्वरमचे उमाजीकाका दोन दिवसांत करतील. आपण कुणाला सांगायचंच नाही!"

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. "घरच्या हातानं म्हणालेत ते."

"पण डॉक्टर काय म्हणतात? अजून किती दिवस थांबता येईल?"

"तू काम कर, भव्या."

आईला फोन आला की ती मागच्या दारी जाऊन बोलायची. एरवी ड्रेसवर शाईचा डाग दिसला तरी घर डोक्यावर घेणारी आई. पण ग्रीसनं काळे झालेले चार ड्रेस तिनं न बोलता धुतले.

ब्रेकच्या दिवशी तर कहर झाला. आई ब्रेकचं पॅडल दाबायला बसली, भव्यानं एकेका चाकाच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढली. पॅडल मस्त कडक झालं. ती नाचायचीच बाकी होती.

"छान. आता काढ सगळं," अज्जा म्हणाले.

"काय?"

"काढ आणि परत बसव. मी एक शब्द बोलणार नाही."

"अज्जा, बरोबर बसलंय! तुमच्याकडे वेळ नाहीये! तुम्हाला कळतंय का?" तिचा आवाज फाटला. "मरायचंय का तुम्हाला?"

आई गाडीतून उतरून आत निघून गेली. अज्जांनी खुर्चीवरची उशी सारखी केली, जरा दम घेतला.

"डावं मागचं चाक आधी," ते म्हणाले.

तिनं नाक पुसलं आणि पाना उचलला. दुसऱ्यांदा तिला निम्माच वेळ लागला. त्यानंतर अज्जा खरंच एक शब्द बोलले नाहीत.

जूनच्या पहिल्या रविवारी जीप घोड्यांवरून खाली आली. गाडी चालवायला अप्पा बसले, कारण भव्याकडे लायसन नव्हतं. पण कुठला गिअर केव्हा टाकायचा ते शेजारून तीच सांगत होती. जीप गेटबाहेर पडली, कोपऱ्यावरच्या देवळाला वळसा घालून परत आली. समोरच्या भार्गवीअक्कांनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या.

अज्जा डोळे मिटून आवाज ऐकत होते. "पुढच्या डाव्या चाकाचं काही कळलं?"

"बेअरिंग स्वल्प घट्ट बसलंय. सैल करते."

"सरी, बरोबर," ते म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी हसले.

आई हसली नाही. अप्पा स्टिअरिंगवरचे हात काढीनात. भव्याला कुणाकडे बघायलाही सवड नव्हती. तिनं ओट्यावरचा आईचा फोन उचलला आणि डॉक्टर श्रीवत्सांना लावला.

"सांगा मॅडम," डॉक्टर म्हणाले. "दुखणं वाढलंय का?"

"मी भव्या बोलतेय, त्यांची नात. जीप झाली! शपथ सुटली! आता उद्याचीच तारीख द्या ऑपरेशनला."



"पुट्टी, अगं बाळा," डॉक्टर हळूच म्हणाले, "आता ऑपरेशनचा उपयोग नाही, हे मी त्यांना मार्चमध्येच सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, नातीला अख्खी जीप शिकवून होईल इतके दिवस आहेत ना?"