अर्धी भाकर

मखमलाबादच्या लंकाबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून त्या ताटातली अर्धीच भाकर खायच्या आणि घरी येईल तिला सांगायच्या, "सून मला अर्धपोटी ठेवती." सुनेला, सगुणाला, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. म्हातारी मुद्दाम बदनामी करते, असं वाटून तिचं डोकं फिरलं आणि मग ती खरोखरच अर्धी भाकर वाढू लागली.

एकदा नाशिकचे डॉक्टर टांग्यातून आले, तेव्हा लंकाबाई जेवत होत्या. त्यांचा हात थांबल्यावर डॉक्टरांनी ताट नुसतं फिरवलं. डावीकडे राहिलेला तुकडा उजवीकडे आला, तसा लंकाबाईंनी तो अधाशासारखा खाल्ला.

"यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालीय," डॉक्टर म्हणाले. "डोळे चांगले असूनही डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येत नाही."

लंकाबाईंचे डोळे भरून आले.

"म्हंजी तू पुरी भाकर वाढीत व्हतीस, सगुणे! अन् मी गावभर तुला बट्टा लावला. माफ कर गं पोरी."

सगुणाची मान खाली गेली. खरं सांगायला तिची जीभ रेटेना, आणि 'माफ केलं' म्हणायला तर त्याहून रेटेना.