बिनदोऱ्याची शिलाई

‘आज बी बिनदोऱ्याचंच,’ गोदावरीबाई म्हणाल्या आणि त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा सुनेपुढे ठेवला.

सत्यवतीने तो सुईखाली सरकवला. पाय पायडलवर ठेवले, हाताने चाक आपल्याकडे ओढलं. मशीन खडखडत निघाली. कागदावर भोकांची रांग उमटत गेली, आधी सरळ, मग पोलक्याच्या गळ्यासारखी गोल. गोदावरीबाईंनी कागद दाराच्या उजेडात धरला.

‘इथं वाकली. पाय अन् डोळा संगच थांबले पायजे. उद्या पुन्हा.’

उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं. नाकाडोंगरीत शिवणाची पहिली मशीन याच घरात आली होती. सासरे टिकाराम खाणीत कामाला होते, त्यांनी ती हौसेने बायकोसाठी आणली. गाव गोदावरीबाईंना ‘मशीनवाली’ म्हणू लागलं. बायकांची पोलकी, पोरींचे परकर, पोळ्याला बैलांच्या झुली, सगळं त्यांच्याकडे. दोरा तुटला की मात्र त्या ताडकन उठत. मग कोणी कितीही गयावया करो, राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी. हा बाईंचा नेमच आहे, असं गावाने धरून टाकलं होतं. तीन वर्षांपूर्वी टिकाराम गेले आणि गोदावरीबाईंनी लोकांचं शिवणं बंद केलं. दुःखाने केलं, हेही गावाने समजून घेतलं.

सत्यवतीनेही घेतलं असतं. पण दुपारची जेवणं झाली की सासूबाई आतल्या खोलीचं दार लोटून घेत आणि मशीनचा आवाज सुरू होई. चांगला तासभर. शिवलेलं कापड मात्र कधी कोणाच्या नजरेला पडलं नाही. दोऱ्याची रिळं मशीनच्या खणात आणि खणाची किल्ली त्यांच्या पदराच्या टोकाला.

‘आपल्या लाखनीच्या लेकीसाठी शिवून ठेवत असन,’ शेजारच्या कुंताबाई म्हणाल्या. ‘तुले शिकवाचंच नसन तिले. तू कागद फाडत बस.’

सत्यवतीला ते पटलं, म्हणूनच जास्त लागलं. लग्न ठरलं तेव्हा माहेरच्या, बपेऱ्याच्या मैत्रिणी तिला म्हणाल्या होत्या, मशीनच्या घरी चालली तू. ती शिकायला उत्सुक होती आणि सासू दोऱ्याचं टोकसुद्धा दाखवत नव्हती.

अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण सरत आला तसा तिच्या नवऱ्याने, घनश्यामने, विषय काढला. तुमसरचा बाबुलाल टेलर मशीन मागत होता.

‘माय, उगीच जागा कायले अडवून ठेवतं? यंदा पोळ्याले बैलाच्या पाठीवर या मशीनची झूल दिसली त ठेवू. नाही त पोळा झाला का बाबुलाल बैलबंडी घेऊन येते.’

झुलीचं लाल कापडही त्यानेच आणून टाकलं. गोदावरीबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मशीन गेली, तर जन्मभर सत्यवतीला फक्त कागदच शिवता येणार होते.

पुढच्या बाजाराला ती बाबुलालच्या दुकानापुढे बटणं चाळत उभी राहिली. बटणांकडे तिचं लक्षच नव्हतं. रिळातला दोरा कुठून निघतो, कुठे वळतो, सुईत कोणत्या बाजूने शिरतो, ते ती पाहत होती. बाबुलाल शेवटी वैतागला, तेव्हा दोन बटणं घेऊन निघाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी घनश्याम अंगणात बैलांचे खांदे शेकत होता. सत्यवती आत जाऊन सासूपुढे उभी राहिली.

‘आत्याबाई, आज दोरा द्या. मी कागद शिवाले नाही आली या घरात.’

बोलून गेली आणि स्वतःच घाबरली. आता काय ऐकावं लागणार, कोण जाणे. पण गोदावरीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

‘घाल,’ एवढंच म्हणाल्या आणि स्टूल ओढून अगदी जवळ बसल्या.

चूक पकडायलाच बसल्या, सत्यवतीने ओळखलं. खालच्या बॉबिनवर जुना दोरा तसाच भरलेला होता. वरचा दोरा तिने आठवून आठवून घेतला, पण वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून घ्यायचा राहिला. चार टाके पडले नाहीत तोच कापडाखाली गुंता झाला. तिने मान खाली घातली आणि बोलणी खायची तयारी केली.

सासूबाई उलट आणखी पुढे वाकल्या.

सत्यवतीने गुंता कापला. दोरा काढला, पुन्हा घातला, या खेपेला दांड्याच्या भोकातून. चाक आपल्याकडे ओढलं. लाल कापडावर पांढरा टाका पडला, त्यामागे दुसरा, मग टाकेच टाके. कोपऱ्यावर पाय आणि डोळा संगच थांबले. उन्हाळाभराचे कागद कामाला आले होते. झुलीची एक बाजू पूर्ण झाली तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं, इतका आनंद झाला. तिने कापड सासूपुढे धरलं.

‘बरोबर घातला का दोरा, आत्याबाई?’

गोदावरीबाईंनी शिलाईवरून अंगठा फिरवला. एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून.

‘मले काय मालूम, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘दोरा त ड्युटीवर जाच्या आधी तुहे मामाजी घालून ठेवत होते. ते गेले तवापासून मी बी बिनदोऱ्याचंच शिवून राहिली.’